देवळालीचे मास्तर, मद्रासची परिषद आणि नवाची बाकी

मुंबईहून चेन्नईला जायचं, स्लीपरचं तिकीट हातात आलं आणि बर्थ क्रमांक निघाला ४७. घरातली मोठी माणसं लगेच मोबाइल काढून शोधू लागतात: साइडचा की आतला, वरचा की खालचा? हा प्रश्न खरं तर घरातल्या पाचवीतल्या मुलीला विचारावा. स्लीपरच्या एका कप्प्यात आठ बर्थ असतात, आतल्या बाजूला सहा आणि साइडला दोन. म्हणून क्रमांकाला आठाने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी १ किंवा ४ आली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ आली तर मधला, ३ किंवा ६ आली तर वरचा. ७ उरले तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. आठ पाचे चाळीस, सत्तेचाळिसातून चाळीस गेले, उरले सात. आजीला खालचा बर्थ मिळाला, तोही खिडकीचा.

जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात असे नऊ कप्पे, म्हणजे ७२ बर्थ. नव्या एलएचबी डब्यात दहा कप्पे, म्हणजे ८०. ते जुने डबे ज्या कारखान्याच्या नावाने ओळखले जातात, ती इंटिग्रल कोच फॅक्टरी चेन्नईतच, पेरांबूरला, १९५५ साली सुरू झाली. डबा जुना असो वा नवा, आठाची बाकी दोन्हीकडे सारखंच सांगते. सेकंड एसीत कप्प्यात सहाच बर्थ, तिथे सहाने भागावं लागतं. हे ज्या मुलीने एकदा करून पाहिलं, तिला भागाकारातली बाकी ही टाकून द्यायची गोष्ट आहे असं पुन्हा कधी वाटणार नाही.

शाळेत मात्र हाच विषय ‘विभाज्यतेच्या कसोट्या’ अशा भारदस्त नावाने येतो आणि एका तक्त्यात संपतो. दोनाची कसोटी, तिनाची, चाराची, पाचाची, नवाची. पाठ करा, पाच उदाहरणं सोडवा, पुढचा धडा. शिष्यवृत्तीच्या तयारीत प्रश्न असतो: ५२*४ या संख्येला नवाने निःशेष भाग जाण्यासाठी ताऱ्याच्या जागी कोणता अंक हवा? मूल बेरीज करतं, पाच अधिक दोन अधिक चार, अकरा, नवाच्या पाढ्यात पुढचे अठरा, म्हणून सात. उत्तर बरोबर, गुण पदरात. अंकांची बेरीजच का करायची, हे त्याने विचारलेलं नसतं आणि त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

ही मोठी चूक आहे. प्राथमिक गणितात ‘का’ या प्रश्नाला संपूर्ण, काहीही हातचं न राखता उत्तर देता येईल अशा जागा थोड्या आहेत. ऋण गुणिले ऋण धन का, वर्तुळाच्या परिघात पाय कुठून आला, हे दहा वर्षांच्या मुलाला पुरतं समजावणं कठीण. नवाची कसोटी मात्र त्याच मुलाला पंधरा मिनिटांत पूर्ण कळते. त्यासाठी लागतात थोड्या नोटा आणि नऊ मुलं.

टेबलावर शंभराच्या चार नोटा, दहाच्या तीन नोटा आणि रुपयाची पाच नाणी ठेवायची. झाले ४३५ रुपये. ते नऊ जणांत सारखे वाटायचे. दहाची एक नोट मोडली की प्रत्येकाला एकेक रुपया मिळतो आणि एक रुपया उरतो. शंभराची मोडली की प्रत्येकाला अकरा मिळतात, नव्व्याण्णव संपतात, पुन्हा एकच रुपया उरतो. हजाराची असती तर प्रत्येकाला एकशे अकरा, आणि उरला असता एकच. नोट कितीचीही असो, तिच्यामागे एक रुपया शिल्लक. म्हणजे चार शंभरांचे चार, तीन दहांचे तीन आणि सुटे पाच असे बारा रुपये टेबलावर राहिले. त्यातले नऊ वाटले, उरले तीन. ४३५ ला नवाने भागून पाहा, बाकी तीनच येते. ‘अंकांची बेरीज’ म्हणजे दुसरं काही नाही, वाटून झाल्यावर टेबलावर उरलेले रुपये.

एवढं डोळ्यांसमोर झालं की बाकीच्या कसोट्या मुलं स्वतःच शोधू लागतात. तीन मुलं असतील तरी प्रत्येक नोटेमागे एकच रुपया उरतो, म्हणून तिनालाही बेरीजच चालते. चार मुलं असतील तर शंभराची नोट पूर्ण वाटली जाते, पण दहाच्या नोटेमागे दोन उरतात. म्हणून चाराला शेवटचे दोन अंक बघायचे आणि बेरीज उपयोगाची नाही. अकरा मुलं आली की गंमत आणखी वाढते. दहाची नोट वाटायला एक रुपया कमी पडतो, शंभराला एक उरतो, हजाराला पुन्हा एक कमी पडतो. कमी-जास्त, कमी-जास्त. अकराच्या कसोटीत एकाआड एक अंकांच्या बेरजा करून वजाबाकी का करतात, ते इथे उघड होतं.

कारण माहीत नसलेलं मूल कुठे अडखळतं ते कोणत्याही वर्गात दिसेल. २३ च्या शेवटी तीन आहे म्हणून त्याला तिनाने भाग जातो असं ते सांगतं. सहासाठी दोन आणि तीन या दोन्ही कसोट्या लावायच्या असं शिकवलं की आठासाठी दोन आणि चार लावून मोकळं होतं. मग १२ आणि २० दोन्ही त्याच्या हिशेबी आठाच्या पाढ्यात येऊन बसतात. ही मुलं हुशार नाहीत असं मुळीच नाही. त्यांना निकाल दिला, कारण दिलं नाही, आणि मग त्यांनी अंदाजाने दुसरा निकाल बनवला.

अंकांच्या अशा खेळात दिवसरात्र रमलेला एक मराठी शिक्षक १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत उभा होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. पदवीनंतरचं शिक्षण नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. त्या परिषदेत त्यांनी जी संख्या मांडली ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते: ६१७४.

रीत तिसरीच्या मुलाला करता येईल अशी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तर आलं की पुन्हा तेच. १, २, ३, ४ घेतले तर ४३२१ वजा १२३४, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ केलं तर पुन्हा ६१७४. सुरुवात कुठूनही करा, सातव्या पायरीपर्यंत गाडी याच स्टेशनावर येऊन थांबते. एखाद्या पायरीला तीनच अंक आले तर पुढे शून्य लावून चार करायचे, एवढंच पथ्य.

आता शिक्षकाने फळ्यावर एक गोष्ट दाखवावी. ३०८७, ८३५२, ६१७४: तिघांच्या अंकांची बेरीज अठरा. तिघांनाही नवाने भाग जातो. हे होणारच होतं. मोठी संख्या आणि लहान संख्या यांचे अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. म्हणून नवाने भागल्यावर दोघींची बाकी सारखी. वजाबाकीत बाकी बाकीतून गेली आणि उरली नवाची पट. पहिल्याच पायरीला जवळजवळ नऊ हजार संख्यांची गर्दी नवाच्या पाढ्यात येऊन उभी राहते. ६१७४ पर्यंत का पोचायचं याचं पूर्ण उत्तर याहून लांब आहे, पण त्याचं दार नवाच्या कसोटीतून उघडतं, आणि ती कसोटी पाचवी-सहावीच्या पुस्तकात आहे.

कापरेकरांच्या कामाला त्या काळी अनेक गणितज्ञ पोरखेळ म्हणत. त्यांनी बरंचसं लेखन लहान पुस्तिकांतून स्वतःच छापलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाने त्यांच्याकडे वळून पाहिलं, तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. आज एनसीईआरटीच्या सहावीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ६१७४ आहे. हे चांगलं झालं. पण तो ‘जादूचा अंक’ म्हणून दाखवून पान उलटलं तर पुन्हा तीच चूक होईल.

कापरेकरांनी आणखी एक नाव दिलं आहे आणि ते प्रत्येक वर्गात पोचायला हवं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. १८ हर्षद आहे, एक अधिक आठ नऊ, नऊ दुणे अठरा. ६१७४ हर्षद आहे, कारण अठराने भागलं तर ३४३ येतात. २०२२ ते २०२५ ही चारही वर्षं लागोपाठ हर्षद होती: २०२२ ला सहाने, २०२३ ला सातने, २०२४ ला आठाने आणि २०२५ ला नवाने भाग जातो. २०२६ ने साखळी तोडली. पुढचं हर्षद वर्ष कोणतं, हा प्रश्न घरी जेवताना मुलांना विचारून बघावा.

आणि १७२९? ही रामानुजनची संख्या. लंडनच्या पटनी भागात आजारी असलेल्या रामानुजनला भेटायला गणितज्ञ हार्डी ज्या टॅक्सीने गेले तिचा क्रमांक. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येणारी ही सगळ्यात लहान संख्या, हे रामानुजनने तिथल्या तिथे सांगितलं. देवळालीच्या मास्तरांच्या व्याख्येने पाहिलं तर एक, सात, दोन, नऊ यांची बेरीज १९, आणि १७२९ ला १९ ने भागलं की ९१. एकोणीस उलटे लिहिले की एक्क्याण्णव. टॅक्सीचा क्रमांक हर्षद निघतो.

रामानुजनचं नाव घेतलं की मुलांच्या मनात एक अगम्य प्रतिभा उभी राहते, देवाने कानात सांगितलेली सूत्रं वगैरे. मद्रासचा रामानुजन जरा वेगळा होता. १ मार्च १९१२ पासून तो मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात महिना ३० रुपये पगारावर कारकून होता. हिशेबनिसांची जुनी युक्ती आहे: तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नवाने भाग जात असेल, तर आधी कुठे अंक उलटे पडलेत का ते पाहावं. ५४ च्या जागी ४५ लिहिले तर फरक ९, ८२० च्या जागी २८० लिहिले तर ५४०, साठ गुणिले नऊ. कारण पुन्हा तेच, अंक तेच आणि बाकी तीच. आपल्या हातातल्या पुस्तकाच्या मागचा तेरा अंकी आयएसबीएनही असाच स्वतःवर पहारा ठेवतो. त्याच्या अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की ती दहाच्या पटीत यावी लागते. एक अंक चुकला तरी संगणक तो नाकारतो.

रामानुजनचा पहिला शोधनिबंध १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ही सोसायटी १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रास इलाख्यातल्या डेप्युटी कलेक्टरने सुरू केली आणि तिचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसनमध्ये होतं, त्याच फर्ग्युसनमध्ये जिथे पुढे कापरेकर शिकले. निबंध होता बर्नोलीच्या संख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपूर्णांकांवर. त्यातला एक गुणधर्म असा, की या अपूर्णांकांच्या छेदाला २ आणि ३ या दोघांनीही नेमका एकदाच भाग जातो. एका महान गणितज्ञाच्या पहिल्या छापील लेखात दोनाने आणि तिनाने भाग जातो का, याची चौकशी आहे!

त्याच्या शेवटच्या वर्षांतला एक शोध तर पाचवीच्या फळ्यावर मांडता येतो. चार ही संख्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पाच प्रकार. नऊचे प्रकार ३०, चौदाचे १३५, एकोणीसचे ४९०, चोवीसचे १५७५. सगळ्यांच्या शेवटी शून्य किंवा पाच. मॅकमहॉन या गणितज्ञाने दोनशेपर्यंतच्या संख्यांचे असे प्रकार हाताने मोजून तक्ता केला होता. त्या तक्त्याकडे पाहताना रामानुजनच्या लक्षात आलं, की चारापासून दर पाचव्या संख्येच्या प्रकारांना पाचाने भाग जातो. मग सात आणि अकरा यांचेही तसेच नियम त्याने शोधले आणि १९१९ साली ते प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मद्रासच्या चेटपेट भागात त्याचं निधन झालं. वय होतं बत्तीस. सिद्धता कठीण आहे. पण आधी डोळ्यांनी जे टिपलं, ‘शेवटी शून्य किंवा पाच’, ते टिपायला पाचाची कसोटी पुरेशी आहे.

याच चेन्नईत पी. के. श्रीनिवासन नावाचे शिक्षक होऊन गेले. मुथियालपेट हायस्कूलमध्ये शिकवत. रामानुजनची पत्रं त्यांनी चिकाटीने गोळा केली आणि १९६८ साली ती स्मृतिग्रंथात छापली. पुढे रोयापुरममध्ये उभ्या राहिलेल्या रामानुजन संग्रहालयाच्या मागेही तेच होते. प्रयोगशाळा, संगणक, महागडी साधनं यांची वाट न बघता त्यांनी मुलांसाठी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि त्यातल्या अंकगणितावर एक छोटी पुस्तिका लिहिली. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते आज करून बघता येईल. एका वाराखालच्या तारखा सातसातने वाढतात. जवळजवळच्या चार तारखांचा चौकोन घ्या, ८, ९ आणि खाली १५, १६. बेरीज ४८, चाराने भाग जातो. कुठलाही चौकोन घ्या, जातोच. तीन बाय तीनचा घेतला तर बेरीज नेहमी मधल्या तारखेच्या नऊपट. का, हे शोधायला मुलं आपणहून बसतात.

यावर शिक्षकांचं म्हणणं असतं: वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, शाळाबाह्य कामं आहेत. शेवटची तक्रार अगदी रास्त आहे आणि ती सरकारने ऐकायला हवी. पहिल्या दोन मात्र तपासून पाहाव्यात. सात-आठ नियम सुटे पाठ करून घ्यायचे, ते विसरले की पुन्हा घ्यायचे, सहावीत पुन्हा, शिष्यवृत्तीला पुन्हा. या उजळणीत जाणारे तास मोजले तर नोटा वाटण्याचा एक तास स्वस्त पडतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणिताचा जो अभ्यासगट नेमला होता, त्याचे अध्यक्ष चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसचे आर. रामानुजम होते. मुलांना गणिताची भीती वाटते हे त्या गटाने मुख्य समस्यांमध्ये मोजलं, आणि आकडेमोड येण्यापलीकडे मुलाला नीट विचार करता येणं हे गणिताचं वरचं उद्दिष्ट मानलं. त्याला वीस वर्षं झाली. नवाची कसोटी अजून तक्त्यातच आहे.

मुलांना हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक अलीकडचं उदाहरण. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अंडर स्कूलमधल्या चिका ओफिली या बारा वर्षांच्या नायजेरियन मुलाच्या पुस्तकात सात सोडून सगळ्या कसोट्या होत्या. त्याने सुट्टीत सातची शोधली: शेवटचा अंक पाचाने गुणायचा आणि उरलेल्या संख्येत मिळवायचा. ५३२ घेतले तर ५३ अधिक १०, त्रेसष्ट; सात नवे त्रेसष्ट, म्हणून ५३२ ला सातने भाग जातो. २०१९ मध्ये या मुलाचं कौतुक झालं. ही रीत जाणकारांना आधी ठाऊक होती, पण त्याला ती कुणी सांगितली नव्हती. आपल्याकडे ‘सातची कसोटी नाही’ असं सांगून मुलांना गप्प बसवलं जातं. ‘का नाही?’ असं विचारायला त्यांना मोकळीक द्यायला हवी.

रामानुजनचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, आपण राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळतो. ती घोषणाही चेन्नईतल्या समारंभातच झाली होती. शाळाशाळांत त्या दिवशी तसबिरीला हार घालतात, भाषणं होतात. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना विनंती एवढीच, की या वर्षी त्या दिवसातला एक तास वेगळा काढावा. शंभराच्या, दहाच्या कागदी नोटा मुलांकडूनच करून घ्याव्यात, नऊ जणांना पुढे बोलवावं आणि वाटायला लावावं. नंतर फळ्यावर कुठल्याही चार अंकांनी कापरेकरांची वजाबाकी सुरू करून खडू मुलांच्या हाती द्यावा. आणि घंटा झाली तरी फळा पुसू नये, मुलांचं ६१७४ अजून यायचं असेल.